घामाचा हिशेब आणि नागपूरचं ऊन

मे महिन्यात पहाटे फुटाळा तलावाला तासभर पळून आलेल्या माणसाचा टीशर्ट बघा. जवळजवळ कोरडा असतो, पाठीवर आणि छातीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असतात. तोच माणूस ऑगस्टमध्ये तेवढंच पळून येतो तेव्हा टीशर्ट पिळला तर धार लागते. बघणारा म्हणतो, पावसाळ्यात घाम फार येतो बुवा. पुष्कळदा घाम तेवढाच आलेला असतो. मेमधला वाळून गेला आणि वाळता वाळता शरीरातली उष्णता घेऊन गेला. ऑगस्टमधला नुसताच ओघळला.

हे नागपूरकराला वेगळं शिकवायला नको, कारण त्याच्या खिडकीत कूलर आहे. वाळ्याच्या ताट्या भिजवून पंखा लावला की मेमध्ये खोली गारेगार होते, आणि तोच कूलर जुलैत नुसती चिकचिक करतो. पाण्याची वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं. हवेत आधीच ओलावा भरलेला असला की वाफ होत नाही आणि गारवाही मिळत नाही. आपली कातडी म्हणजे असाच एक कूलर. लांब पल्ल्याचं पळणं किंवा सायकल चालवणं छंद म्हणून करणाऱ्यानं सरावाचं वेळापत्रक, पाणी, मीठ, खाणं, झोप यांची गणितं या कूलरपासून मांडायला सुरुवात केली तर अर्धे घोटाळे टळतात. इंटरनेटवरून उतरवलेलं सोळा आठवड्यांचं वेळापत्रक नागपूरच्या हवेचा विचार करत नाही. ते बहुधा अशा ठिकाणी लिहिलेलं असतं जिथे २५ अंशांना उकाडा म्हणतात.

आकडे मांडू. पळताना ढोबळमानानं दर किलो वजनाला दर किलोमीटरला १ किलोकॅलरी खर्च होते. ६५ किलोचा माणूस १० किलोमीटर पळाला की साधारण ६५० किलोकॅलरी. यातला पाव भागसुद्धा पाय पुढे टाकण्यात कामी येत नाही. बाकीची सगळी उष्णता होते. म्हणजे तासाभरात ५०० किलोकॅलरी उष्णता अंगात तयार झाली. ६५ किलोच्या शरीराचं तापमान १ अंशानं चढायला जेमतेम ५४ किलोकॅलरी पुरतात. ही उष्णता बाहेर गेलीच नाही, तर १५-२० मिनिटांत ताप ३९ च्या पुढे जाईल. तसं होत नाही, कारण १ लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तासाला लिटरभर घाम हा आकडा इथून येतो, आणि त्यातला किती वाळतो यावर पुढचं सगळं ठरतं.

कोरड्या हवेतही एक मर्यादा आहे. कातडीचं तापमान ३३ ते ३५ अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तर वारा आपल्याला गार करतो. हवा ४२ अंशांवर गेली की वारा उलट तापवायला लागतो, भट्टीच्या तोंडाशी उभं राहिल्यासारखा. म्हणून मेमध्ये संध्याकाळी ७ ला ‘ऊन उतरलंय’ म्हणून बाहेर पडण्यात अर्थ नाही. ऊन उतरलेलं असतं, डांबर आणि भिंती उतरलेल्या नसतात. दिवसातली सगळ्यात गार वेळ सूर्योदयाच्या आधीची. मे महिन्यात नागपुरात सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो, त्यामुळे पावणेपाच ते सहा ही सव्वा तासाची खिडकी धरावी. सिव्हिल लाइन्सच्या झाडीतले रस्ते, अंबाझरीचा परिसर, सेमिनरी हिल्स ही ठिकाणं या दिवसांत उघड्या वर्धा रोडपेक्षा सोसणारी. (खिशात कांदा ठेवून बाहेर पडायची आपल्याकडे पद्धत आहे. ठेवायला हरकत नाही, पण लू काही खिसे तपासत नाही. कांदा भाकरीसोबत खावा.)

उन्हाची सवय होते, आणि ती खरोखरच शरीरात होते, मनात नाही. रोज तासभर, घाम येईल इतपत उन्हाळी हवेत हलका सराव केला तर १० ते १४ दिवसांत बदल पूर्ण होतात. पहिल्या चार-पाच दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्यामुळे तोच वेग ठेवायला हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. मग घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. हे सगळं दोन-चार आठवडे सराव तुटला की हळूहळू मावळतं. म्हणून मार्चमध्ये लग्नसराईचं निमित्त करून थांबलेला माणूस नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) सुरू असताना थेट १२ किलोमीटरनं सुरुवात करतो तेव्हा तो मार्चमधलंच शरीर घेऊन उतरलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये हवा तापत जाते तसा सरावही सुरू असला तर सवय आपोआप होते. तुटला असेल तर पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मंच अंतर, सगळं हळू.

हळू म्हणजे किती, हा प्रश्न उन्हाळ्यात घड्याळावरच्या वेगानं सोडवू नये. घाम गाळण्यासाठी रक्त कातडीकडे वळतं, शिवाय पाणी कमी होत जातं. म्हणून त्याच वेगाला ठोके मिनिटाला १०-१५ नं वर जातात आणि तासाभरात आणखी चढत राहतात. डिसेंबरात ६ मिनिटांत किलोमीटर काढणाऱ्याला मेमध्ये पावणेसात लागले तर तब्येत घसरलेली नसते. ठोके तेवढेच ठेवायचे, वेग जाईल तिकडे जाऊ द्यायचा. ठोके मोजणारा छातीवरचा पट्टा नसेल तर त्याहून सोपं माप आहे: पळता पळता स्वतःच्या घरचा पत्ता, फ्लॅट नंबरपासून पिनकोडपर्यंत, न थांबता सांगता आला पाहिजे. पिनकोडच्या मध्येच श्वास घ्यावा लागला तर हळू व्हा. वयावरून जास्तीत जास्त ठोके काढायची सूत्रं आहेत (२०८ वजा वयाच्या ०.७ पट हे त्यातलं बरं), पण एकेका माणसात ते १० ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असतं. त्यावर बेतलेल्या घड्याळातल्या रंगीत पट्ट्या देववाणी समजू नयेत.

हौशी माणसाची नेहमीची चूक म्हणजे सगळे दिवस मधल्याच वेगानं काढणं. धाप लागते, पण दम निघत नाही, असा तो वेग. रोज घाम गाळल्याचं समाधान मिळतं आणि सहा महिन्यांनी वेळ तीच. हलक्या वेगानं स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींमधले ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, चरबी जाळायची क्षमता सुधारते, आणि शरीर दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार असतं. जोराच्या सरावानं हृदयाची एका ठोक्यात रक्त फेकायची ताकद आणि वरचा वेग वाढतो, पण त्याची भरपाई करायला शरीराला दोन दिवस लागतात. मधला वेग थकवतो जोराइतका आणि देतो हलक्याहून थोडंच जास्त. स्टीफन सायलर या अभ्यासकानं अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या तेव्हा पाचांतली चार सत्रं हलकी आणि एक जोराचं अशी वाटणी पुन्हा पुन्हा दिसली. आठवड्याला ४० किलोमीटर पळणाऱ्यासाठी ती अशी बसते: मंगळवारी ८ हलके, बुधवारी २ किलोमीटर अंग मोकळं करून ३ मिनिटं जोरात, २ मिनिटं रमतगमत, असे पाच फेरे आणि शेवटी परत हलकं, गुरुवारी आणि शनिवारी ६-६ हलके, रविवारी १४, तेही हलकेच. सोमवारी आणि शुक्रवारी सुट्टी. नागपूर सपाट असल्यानं चढाचा सराव करायचा तर सेमिनरी हिल्सच. तिथे एक-दीड मिनिटाचा चढ जोरात, उतार चालत, असे आठ-दहा फेरे बुधवारच्या जागी चालतात.

अंतर वाढवताना आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकेका लांब पळण्यावर नजर ठेवा. गेल्या महिन्यात सगळ्यात लांब १४ पळाला असाल तर पुढचं १५-१६. मित्रमंडळी निघाली म्हणून एकदम २१ नाही. गुडघे आणि नडगी तिथेच बोलायला लागतात. फुप्फुसं-हृदय आठवड्यांत तयार होतात, कंडरा आणि हाडं महिन्यांत. दर चौथ्या आठवड्याला एकूण अंतर एक तृतीयांश कमी करा.

आता पाणी. तासाला किती प्यायचं याचं सर्वांना लागू होणारं उत्तर नाही, पण स्वतःचं उत्तर काढायला घरचा वजनकाटा पुरतो. शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. लघवीला जाऊन या, कपडे काढून वजन करा. समजा ६८.४ किलो. बाटली भरून तिचंही वजन करा. बरोबर एक तास नेहमीच्या वेगानं पळा. परत आल्यावर अंग पुसून कोरडं करा, ओले कपडे काढा, मग वजन: ६७.५. बाटलीतलं ४०० मिलिलिटर संपलं. वजन ९०० ग्रॅमनं घटलं, त्यात प्यायलेले ४०० मिळवा, घाम तासाला १.३ लिटर. मध्ये लघवीला गेलात तर हिशेब बिघडतो. टीशर्ट घालून वजन केलं तर त्यात मुरलेला घाम वजनात मोजला जातो आणि आकडा फसवा येतो. हे माप मेमध्ये, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि डिसेंबरात असं तीनदा घ्या आणि वहीत तीन ओळी लिहून ठेवा. उदाहरणादाखल, मे १.३, सप्टेंबर १.५, डिसेंबर ०.७. वही सांभाळा, पुढे लागेल.

गेलेला सगळा घाम पळताना भरून काढायचा नसतो. वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत घट बहुतेकांना चालते. ६८ किलोच्या माणसाला सुमारे १.४ किलो. म्हणजे तासाभराच्या पळण्यात, आदल्या दिवशी नीट पाणी प्यायलं असेल तर, बाटली नसली तरी बिघडत नाही. दोन-अडीच तासांच्या सरावात मात्र तासाला ४०० ते ८०० मिलिलिटर, घोट घोट, १५ मिनिटांच्या अंतरानं. पोट तासाला लिटरपेक्षा फार जास्त पुढे ढकलत नाही, त्यामुळे मेमध्ये १.३ लिटर घाम जाणाऱ्यानं तीन तास पळायचा बेतच करू नये. तिथे पाणी हरतं, माणूस नाही.

उलट टोकाची चूक जास्त धोक्याची. साधं पाणी घामापेक्षा जास्त प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत पूर्ण केलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम धोक्याच्या रेषेखाली होतं. हे बहुतेकदा हळू पळणाऱ्यांना होतं, ज्यांना दर टेबलावर थांबून ग्लास रिकामा करायला वेळ असतो. बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, मळमळ, डोकं दुखणं आणि शर्यतीनंतर वजन वाढलेलं असणं ही त्याची खूण. अशा माणसाला ‘पाणी कमी पडलं’ समजून आणखी पाणी पाजणं जिवावर बेतू शकतं.

मिठाचं गणित टीशर्टवरच्या पट्ट्यांवरून सुरू होतं. १ लिटर घामात साधारण ५०० ते १८०० मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे सव्वा ते साडेचार ग्रॅम मीठ. माणसामाणसात इतका फरक. काळ्या टोपीवर जाड पांढरी कड उमटते, डोळे झोंबतात, कुत्रा येऊन पोटऱ्या चाटतो, अशांनी स्वतःला वरच्या टोकाला धरावं. दीड तासाच्या आतल्या सरावाला वेगळं मीठ लागत नाही, जेवणातलं पुरतं. त्यापुढे बाटलीत हे घाला: १ लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, २ ग्रॅम मीठ, एका लिंबाचा रस. मीठ चमच्यानं मोजायचं तर सपाट भरलेल्या छोट्या चमच्याच्या तिसऱ्या हिश्शाला थोडं जास्त. पण एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून घ्या, चमचे घराघरात वेगळे असतात. साखर ८० ग्रॅमच्या वर नेली की पाणी आतड्यात अडून राहतं, पोट डचमळतं, आणि दोष लिंबाला दिला जातो.

हे मिश्रण आणि ओआरएस एक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरभर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, सोबत पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. ते जुलाबात पाणी टिकवण्यासाठी बनलेलं आहे. घामानं पिळून निघालेल्या सकाळनंतर घरी बसून प्यायला उत्तम, पण पळताना त्यातून इंधन जवळपास मिळत नाही. पुडी किती पाण्याची आहे ते वाचा. लिटरची पुडी ग्लासभर पाण्यात कालवली की खारट पाक होतो, आणि मग ‘मला ओआरएस सोसत नाही’ असं ऐकू येतं. फळांच्या चवीचे गोड डबे ओआरएस समजून घेऊ नका. मागचा घटकांचा तक्ता वरच्या आकड्यांशी ताडून बघा. घरचं कैरीचं पन्हं मीठ-जिरं घालून किंवा ताक हे सरावानंतर छानच. संत्रं मात्र पाणी, थोडी साखर आणि पोटॅशियम देतं. सोडियम त्यात नावापुरतं. अंबिया बहराची संत्री बाजारात येतात त्या दिवसांत रविवारच्या सायकलवारीला खिशात चार संत्री असावीतच, पण मीठ त्यानं भरून निघत नाही.

इंधनाचा साठा शरीरात फार मोठा नाही. स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे जास्तीत जास्त २००० किलोकॅलरी. मॅरेथॉनच्या ४२ किलोमीटरला ६५ किलोच्या माणसाला २७०० च्या वर लागतात. चरबी मदत करते पण ती सावकाश जळते, म्हणून ३०-३२ किलोमीटरवर पाय शिशाचे होतात. दीड तासापेक्षा लांब सरावात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत, पहिल्या अर्ध्या तासापासूनच. थकवा आल्यावर खायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो. आतड्यात ग्लुकोज शोषणारी दारं तासाला साधारण ६० ग्रॅमला भरून जातात. फ्रुक्टोजची दारं वेगळी आहेत, म्हणून दोन्ही मिसळून घेणारे लोक ९० ग्रॅमपर्यंत पोचतात. गंमत अशी की साधी साखर अर्धी ग्लुकोज, अर्धी फ्रुक्टोजच असते. महागडं जेल खिशात मावायला सोपं, इतकंच. पोटाला त्याची जात कळत नाही. मध्यम केळ्यात २५ ग्रॅम, १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात २० ग्रॅम कर्बोदकं. बटाट्याला मीठ लावून डब्यात ठेवला की दोन कामं होतात. शेंगदाण्याची चिक्की २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब सायकलफेरी), जिथे साडेतेरा तास हातात असतात, अगदी योग्य; जोरात पळताना नको, दाण्यातलं तेल पोटात बसून राहतं. संत्रा बर्फीचंही तेच, त्यात खवा असतो. जे शर्यतीत खायचं ते आधी सहा-आठ लांब सरावांत खाऊन बघा. आतड्यालाही सराव लागतो.

पहाटे साडेचारला कोणी तीन तास आधी जेवत नाही, हे पुस्तकं विसरतात. एक केळं किंवा दोन-तीन खजूर आणि हवा तर अर्धा कप चहा, निघण्याआधी २० मिनिटं. बाकी काम रात्रीच्या जेवणानं करायचं असतं. रात्री भात-वरण, भाकरी पोटभर, भाजी साधी. सावजीचा बेत लांब पळण्याच्या आदल्या रात्री नको. तिखट आणि तेल सकाळी आठव्या किलोमीटरला आठवण करून देतात, आणि तेव्हा जवळपास स्वच्छतागृह नसतं.

सराव संपल्यावर तर्री-पोह्याच्या टपरीवर घोळका जमतो, त्यात वावगं काही नाही. पोहे ग्लायकोजेन भरतात, तर्रीतलं मीठही त्या वेळी हवंच असतं. कमी पडतात ती प्रथिनं. नेहमी सराव करणाऱ्याला दर किलो वजनाला दिवसाला १.४ ते २ ग्रॅम लागतात. ६५ किलोला १.६ नं धरलं तर १०४ ग्रॅम. आता आपल्या ताटात किती असतात ते मोजू. सकाळी प्लेटभर पोहे ५, दुपारी दोन पोळ्या ७, वाटीभर वरण ६, भात-भाजी ५, संध्याकाळी चहा-बिस्किटं २, रात्री दोन ज्वारीच्या भाकरी ११, पिठलं ७, दह्याची वाटी ४. बेरीज ४७. निम्म्याहून कमी. पोळी वाढवून ही तूट भरत नाही. दोन अंडी १२, मोठा ग्लास दूध ८, मूठभर फुटाणे ८, आणि ५० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या २६, असे ५४ मिळाले की काम झालं. अंडी न खाणाऱ्यानं ७० ग्रॅम पनीर धरावं. एकाच जेवणात सगळं कोंबण्यापेक्षा चार वेळा २०-२५ ग्रॅम असं वाटलं तर स्नायूंना जास्त उपयोग होतो.

महिनोन्‌महिने दम लागतोय, वेग येत नाही, आणि बाकी सगळं नीट चाललंय, अशा वेळी हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) तपासा. शाकाहारी असाल तर बी-१२ सुद्धा. जेवणावर लगेच घेतलेला चहा डाळी-पालेभाज्यांतलं लोह शोषू देत नाही. चहा तासभर पुढे ढकला आणि भाजीवर लिंबू पिळा, हा फुकटातला उपाय आहे. वजन उतरवायचं आणि मॅरेथॉनही पळायची, असं दोन्ही एकाच तिमाहीत करू पाहणारे लोक बहुतेक वेळा दुखापतीशी थांबतात. खाणं खर्चापेक्षा सतत कमी राहिलं की शरीर एकेक खातं बंद करतं. बायकांची पाळी लांबते किंवा थांबते, हाडं ठिसूळ होऊन त्यांना बारीक चिरा जातात, सर्दी-खोकला सुटत नाही. पुरुषांची इच्छा मंदावते. पाळी थांबली म्हणजे ‘सराव जोरात चाललाय’ असं समजणाऱ्या मैत्रिणींना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं की ते आजाराचं लक्षण आहे, आणि डॉक्टरकडे पाठवायला हवं. नवरात्राच्या नऊ दिवसांत उपास असेल तर पळणं ४०-५० मिनिटांचं आणि हलकं ठेवा. साबुदाणा-बटाटा-दाणे-दूध यावर तेवढं निभतं. पाणीही न घेता केलेल्या उपासाला किंवा रोज्याला दिवसा पळूच नये, सूर्यास्तानंतर बघावं.

उन्हाळ्यातला खरा चोर म्हणजे झोप. चारला उठायचं, आणि रात्री अकरापर्यंत घरात पाहुणे, टीव्ही, आइस्क्रीम. पाच तास झोप म्हणजे सराव झाला, पण त्याची पुढची बांधणी झालीच नाही. स्नायूंची दुरुस्ती, ग्लायकोजेनची भर, संप्रेरकांचं काम हे सगळं त्या सात-आठ तासांचं असतं. दहाला झोपणं जमत नसेल तर आठवड्यातली एक पहाट सोडून द्या. पाच अर्धवट पहाटांपेक्षा चार पूर्ण रात्री चांगल्या. दुपारी कूलरसमोर २०-३० मिनिटं आडवं व्हायला मिळालं तर संकोच करू नका. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, मिनिटभर नाडी मोजायची सवय लावा. नेहमीपेक्षा ७-८ ठोके जास्त असले, सलग दोन दिवस, तर त्या दिवशीचा जोराचा सराव रद्द. बर्फाचं पाणी, मसाज, रोलर यानं बरं वाटतं; झोप आणि जेवण यांच्या तुलनेत त्यांचा वाटा किरकोळ. आणि एक गोष्ट कधीच नको: दुखतंय म्हणून शर्यतीआधी किंवा शर्यतीत आयब्युप्रोफेन-डायक्लोफिनॅकच्या गोळ्या. पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त आधीच घटलेलं असतं, त्या गोळ्या ते आणखी आवळतात.

कधी तरी सोबतचा कोणी पडेल, तेव्हा काय करायचं ते आधी माहीत हवं. पळणारा असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या जायला लागला, विनाकारण भांडायला लागला, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडं पडलंय का हे बघत थांबू नका. पळताना होणाऱ्या उष्माघातात माणूस घामानं निथळत असू शकतो. शरीराचा ताप ४० च्या वर गेलेला असतो आणि पुढचा अर्धा तास निर्णायक असतो. सावलीत न्या, कपडे सैल करा किंवा काढा, एकानं १०८ ला फोन लावायचा, बाकीच्यांनी लगेच थंड करायला लागायचं. पाण्याचा हौद किंवा टाकी जवळ असेल तर मान वर धरून त्यात बसवा. नसेल तर बागेतल्या नळीनं सतत पाणी सोडा, काख, मान, जांघ इथे बर्फ ठेवा, ओली चादर घालून पंख्याचा वारा द्या. पॅरासिटॅमॉल देऊ नका, हा ताप त्यानं उतरत नाही. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आधी थंड करणं, मग नेणं. गाडीत घालून दवाखाना गाठण्याच्या घाईत तोच अर्धा तास जातो.

शर्यतीच्या आधीचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणा, पण बुधवारचं जोराचं सत्र फेरे कमी करून चालू ठेवा. शेवटचे दोन दिवस कर्बोदकं दर किलोला ८ ग्रॅमपर्यंत वाढवा, म्हणजे ताटातली भाजी-कोशिंबीर कमी आणि भात जास्त. वजन किलोभर वाढलं तर ते साठवलेलं ग्लायकोजेन आणि त्याच्यासोबतचं पाणी असतं.

आणि जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला निघालेल्या नागपूरकरासाठी एक वेगळी अडचण आहे. इथे डिसेंबरात १०-१२ अंशांच्या पहाटे पळून वेळा भारी निघतात, आणि तोवर उन्हाळ्यात कमावलेली उष्णतेची सवय मावळलेली असते. मुंबईत तो समुद्राच्या दमट हवेत, नऊ-दहाच्या उन्हात शेवटचे दहा किलोमीटर पळतो, कूलर न चालणाऱ्या हवेत. शेवटच्या तीन आठवड्यांत आठवड्याला तीन-चार हलके सराव पहाटेऐवजी दुपारी १२ ते २ मध्ये, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट आणि वर विंडचीटर घालून ४५-६० मिनिटं करावेत. सुरुवातीचा वेग डिसेंबरच्या वेळेवर न ठरवता किलोमीटरमागे १०-१५ सेकंद सैल ठेवावा. आणि बाटलीचा हिशेब करताना वहीतली डिसेंबरची ओळ झाकून सप्टेंबरची ओळ बघावी: ०.७ नाही, १.५.